गोवर, फ्लू आणि तळहाताएवढी जागा

मंगरू बरा झाला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण बुधरीला ते अजून ठाऊक नव्हतं.

तिला दिसत होता तो खाटेवर पडलेला नवरा. अंगभर गोवराचं पुरळ, आणि छाती नुसती धपापत होती. साल चौऱ्याऐंशी. गडचिरोली जिल्हा नवा, दवाखाना जुना, खाटा त्याहून जुन्या. गोवर आणि फ्लू, दोन्ही साथी एकदमच आल्या. बाकी गावानं एकेक घेतली, मंगरूनं दोन्ही. फुकटचं काही सोडायचं नाही, हा त्याचा स्वभावच.

"छातीत कफ भरला, बाई," सिस्टर सत्यशीला सुई उकळत म्हणाली. "इंजेक्शन नाई दिलं तर माणूस हातचा जाईल."

"यायच्या अंगात माता आली हाये. मातेले सुई टोचता का?" बुधरी खाटेला आडवी उभी राहिली. गोवर म्हणजे माता, घरी आलेली पाहुणी. ती असेपर्यंत चुलीवर फोडणी नाही, पोटात औषध नाही. सुई तर नाहीच नाही.

"मी माता-बिता मानत नाई."

"नका मानू. थे तुमच्या घरी कुठी आली?"

तेवढ्यात मंगरूला खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. बुधरीनं त्याला उठवून पाठीशी धरलं.

"सिस्टरबाई, हा खोकला मातेचा का फ्लूचा?"

"फ्लूचा," सत्यशीला पटकन म्हणाली. "त्याले मातेनं बोलावलं नोतं."

"मंग त्याले टोचा. पण माता नाई तिथीच."

दोघी जागा शोधायला लागल्या. दंड पुरळानं भरलेले, मांड्या भरलेल्या. शेवटी डाव्या कुल्ल्यावर तळहाताएवढी कोरी जागा सापडली.

"मले कोणी इचारते का?" मंगरू पुटपुटला.

"चूप ऱ्हा! माता आयकते."

मग रोज तिथेच सुई. मंगरूला एका कुशीवर झोपायची सवयच लागली. एका सकाळी ताप उतरला, श्वास सरळ झाला, आणि डोळे उघडताच त्यानं लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी मागितली. बुधरी आधी ढसाढसा रडली, मग त्याच्या वतीनं मातेची माफी मागून मोकळी झाली.

घरी सोडताना सत्यशीलानं विचारलं, "काही तक्रार हाये का, बाई?"

होती. बुधरीनं सांगितली, सत्यशीलानं ती सरकारी भाषेत लिहून वर पाठवली:

"सविनय विनंती की, यापुढे दोन रोगांनी एकाच इसमाकडे एकाच वेळी येऊ नये. येणे अटळ असल्यास आगाऊ लेखी कळवावे, व सुईकरिता बसावयाच्या जागेव्यतिरिक्त अन्य जागा मोकळी ठेवण्याची व्यवस्था व्हावी."