माईक टेस्टिंग

“हॅलो. हॅलो. चेक. एक, दोन, तीन.”

आवाज रिकाम्या हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. चांगला, भरदार आवाज होता. व्यासपीठावर उभ्या असलेल्या त्या सडसडीत मुलाचाच तो आहे, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. कॉलेजात त्याला सगळे ‘टेस्टिंग’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथे तो क्वचितच सापडायचा.

याला कारण त्याच्या छातीवरचा निळा बिल्ला. पहिल्या सत्राचे शेवटचे दोन महिने या कॉलेजात शिक्षण कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत उरकलं जाई. परिसंवाद, वादविवाद, पुस्तक सप्ताह, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, पर्यावरणावरचं व्याख्यान आणि त्यासाठी छापलेले शेकडो फलक. ज्याच्या छातीवर निळा बिल्ला, तो ‘ड्युटीवर’. त्याला वर्गात न बसता हजेरी मिळे. बाकीची मुलं कॅन्टीनमध्ये बसता यावं म्हणून बिल्ला मिळवत. टेस्टिंगने तो भीतीपोटी मिळवला होता.

सत्राच्या सुरुवातीला भूगोलाच्या मॅडमनी प्रत्येकाला दहा मिनिटांचा सेमिनार दिला होता. त्याचा विषय होता नदीची वळणं. त्याची पाळी आली तेव्हा कार्यक्रमांचा हंगाम नुकताच सुरू होत होता. तयारी उत्तम होती. तो वर्गासमोर उभा राहिला, “नदी” म्हणाला, आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. कान गरम झाले, जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं, “कोरडी पडली वाटतं.”

वर्ग पोट धरून हसला. विनोद चांगलाच होता, हे टेस्टिंगलाही मान्य होतं. त्यामुळेच तो विसरता येत नव्हता.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कर. पुढच्या आठवड्यात तो ध्वनिव्यवस्था समितीत दाखल झाला होता. तेव्हापासून ज्या दिवशी भूगोलाचा तास, त्या दिवशी त्याला कुठे ना कुठे वायर ओढायचीच असे. रिकाम्या खुर्च्यांसमोर तो तासभर बोलू शकायचा. खुर्च्यांत माणसं येऊन बसली की माईक दुसऱ्याच्या हातात देऊन पडद्याआड जायचा.

घरी वेगळीच पंचाईत होती. तो ताईकडे राहायचा. ताई नर्स. सेमिनार कसा झाला, असं तिने विचारलं तेव्हा तो “मस्त” म्हणून गेला होता. ताईने ते वॉर्डातल्या सगळ्या पेशंटना सांगितलं. त्यांना उठून जाता येत नव्हतं. मग एका रविवारी ती म्हणाली, “मलाही ऐकव की एकदा.”

“घसा बसलाय, ताई.”

त्या दिवसापासून ताईने त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लावल्या. नसलेल्या आजारावर तो रोज सकाळ-संध्याकाळ गुळण्या करायचा आणि ती दारात उभी राहून आवाज ऐकायची. “सुधारतोय,” म्हणायची.

समारोपाच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्याला हॉलमध्ये गाठलं. तो व्यासपीठाखाली ओणवा होऊन वायर चिकटवत होता. त्यांनी वाकून विचारलं, “किती कार्यक्रम राहिले तुझे?”

“उद्याचा समारोप, मॅडम. तोच शेवटचा.”

“परवा माझा शेवटचा तास आहे. परवा कुठलाच कार्यक्रम नाही, मी नोटीस बोर्ड बघून आलेय. सेमिनार झाला नाही तर तुझी टर्म ग्रँट करता येणार नाही मला. वर्ष जाईल, बाळा.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ‘बाळा’मुळे रात्री त्याचं ताट तसंच राहिलं. ताईने कपाळाला हात लावून पाहिला आणि गुळण्यांत हळद वाढवली.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला. विद्यार्थ्यांना समारोपाची ओढ होती असं नाही. हजेरी बाहेर पडताना घेणार होते. प्रमुख पाहुणे मात्र वाटेत कुठेतरी अडकले होते. अर्धा तास गेला. मागच्या रांगा उठायला लागल्या. विद्यार्थी मंडळाचा सेक्रेटरी उसन्या ब्लेझरमध्ये घामाघूम होऊन धावत आला.

“टेस्टिंग, माईक चालू ठेव. आवाज येत राहिला की लोकांना वाटतं सुरू होतंय.”

“बोलू काय?”

“तुझं नेहमीचं. ऐकतंय कोण?”

त्याने माईकवर बोटाने दोनदा टकटक केलं, हॅलो म्हटलं, चेक म्हटलं, आकडे मोजले, उलटे मोजले. कोणी मान वर केली नाही. गप्पा चालू, फोन चालू, एका रांगेत तर कोणीतरी डबा उघडला होता. पुढे काय म्हणायचं सुचेना. सेक्रेटरी विंगेतून हाताने ‘चालव, चालव’ करत होता.

“हॅलो,” तो म्हणाला. “नदी.”

काहीच झालं नाही. कोणी हसलं नाही.

“चेक. नदी सरळ वाहत नाही. वाटेत जरासा अडथळा आला की ती कडेने जाते. बाहेरच्या काठावर पाण्याचा जोर जास्त, तो काठ ती पोखरते. आतल्या काठावर गाळ टाकते. म्हणजे एकदा घेतलेलं वळण ती स्वतःच वाढवत नेते. हॅलो, चेक.”

अधूनमधून तो ‘हॅलो’ पेरत राहिला, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. वाक्यांमागून वाक्यं येत गेली, जशी आंघोळ करताना यायची तशीच. मग सहज त्याची नजर प्राध्यापकांच्या रांगेवर गेली. सगळे आपापल्या फोनमध्ये होते. मॅडम मांडीवर उत्तरपत्रिका घेऊन बसल्या होत्या, पण त्यांचं पेन थांबलं होतं आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

तो वाक्यात अडखळला. सेक्रेटरीने पुन्हा ‘चालव’ केलं. तो छताच्या पंख्याकडे बघत बोलत राहिला. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं, तोच दारात गडबड झाली, पाहुणे आले, सेक्रेटरीने माईक हिसकावला आणि म्हणाला, “ज्या क्षणाची आपण सगळे आतुरतेने वाट पाहत होतो...”

त्या संध्याकाळी टेस्टिंगने गुळण्या केल्या नाहीत. ताईने ग्लास पुढे केला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाणी स्वतःच ओतून टाकलं.

शेवटच्या तासाला त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. मॅडमनी हजेरी घेतली आणि त्याच्याकडे बोट केलं. “काल हॉलमध्ये याचा सेमिनार झाला. तुम्ही सगळे हजर होतात.”

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारलं, “कधी?”

“तुम्ही डबा खात होतात तेव्हा,” मॅडम म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, “शेवट राहिलाय. शेवट नसलेला सेमिनार मला धरता येत नाही. तेवढं एक वाक्य इथे उभा राहून म्हण.”

तो फळ्यासमोर गेला. पंख्याच्या पात्याचा आवाज येत होता, इतकी शांतता होती. आज सगळे ऐकत होते. मागच्या बाकावरचा तोंड उघडून तयार होता. टेस्टिंगची जीभ टाळूला चिकटली, कान गरम झाले. उजवा हात आपोआप हनुवटीपर्यंत वर आला आणि त्याने हवेत बोटाने दोनदा टकटक केलं. आवाज आला नाही.

मागच्या बाकावरच्याने तोंड मिटलं.

“नदी,” टेस्टिंग म्हणाला. वर्ग थांबून राहिला. “वळण फारच वाढलं की एखाद्या पुरात नदी मधूनच सरळ निघून जाते, आणि ते जुनं वळण मागे तळं होऊन राहतं.”

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. वाक्य संपलं होतं. गुंडाळायला वायर नव्हती, म्हणून तो मोकळे हात घेऊन थोडा वेळ तिथेच उभा राहिला.