कुरतडायची दुरडी

मार्गशीर्षातली सकाळ. डोंगराच्या खांद्यावरून धुके सावकाश उतरते आहे. तुरीच्या पीतपुष्पांवर, बांधावरच्या बोरींवर, बुरूडआळीच्या जुन्या कौलांवर कोवळे, केशरी, दवओले ऊन पसरते आहे. आळीच्या टोकाला हौसाचे घर, आणि घरामागच्या गवतात हिरव्या बांबूंची रास.

त्या राशीपाशीच ते सापडले. हौसाच्या नवऱ्याने, तातोबाने, खांद्यावरची बांबूची मोळी धाडकन टाकली आणि गवतातून एक बारीक किंकाळी उठली. सशाचे पिल्लू. संकट आले की हलायचे नाही, मातीत माती होऊन बसायचे, एवढेच त्याला आईने शिकवलेले. ते गुणी लेकरासारखे बसून राहिले आणि त्याने मागचा पाय मोडून घेतला.

हौसाने त्याला ओच्यात घेतले. मृत्तिकावर्ण अंग, कृष्णविशाल डोळे, पानासारखे थरथरते कान. आणि छाती अशी धडधडणारी की वरचे लुगडेही हलत होते. तिला वाईट वाटले, आणि लाजही वाटली. मोळी आपली होती.

"जगत नसतंय ते," ओसरीवरून सासू म्हणाली. "आन् जगलं तरी लंगडं. लंगड्या सशाला कोल्हं सोडतंय व्हय?"

"म्हून तर सरळ जुळवायचं, आत्या."

हौसाच्या हातून आजवर वाकडे काही बाहेर गेले नव्हते. तिची सुपे, तिच्या रोवळ्या, तिचे करंडे सारे सुडौल, रेखीव, घट्ट विणीचे. तिने ओल्या बांबूची बोटभर कामटी तासली, तिच्या कडा घासून मऊ केल्या, पाय सरळ धरला आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने कामटी बांधली. शेळीचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजले. मग निर्धास्त झाली.

दुसऱ्या दिवशी कामटी नव्हती. हिरवी, रसाळ, गोडसर कामटी पिल्लाने कुरतडून खाल्ली होती, आणि पाय पुन्हा लोंबत होता.

हौसाने पुन्हा कामटी तासली. या खेपेला जून बांबूची, हाडासारखी कठीण. तीही गेली.

हौसाने पुन्हा कामटी तासली, आणि तिच्यावर कडुनिंबाचा पाला वाटून चोपडला. पिल्लाने आधी लेप चाटला, मग कामटी खाल्ली. सासू तोंडाला पदर लावून हसली. "तुझ्यापरीस हट्टी भेटलं गं बाई तुला."

हौसा हसली नाही. हाड असेच हलत राहिले तर वाकडेच जुळणार, आणि वाकड्या पायाने त्या पिल्लाला रानात धाडणे म्हणजे कोल्ह्याला आवतण देणे, हे तिला ठाऊक होते. ती पिल्लासमोर मांडी घालून बसली आणि नुसती बघत राहिली. दात थांबत नव्हते. चिंधी नसेल तर काडी, काडी नसेल तर वारा. आणि इकडे तिचे स्वतःचे हात, रिकामे असूनही, मांडीवर बोटांनी विणत होते. दात आहेत ते चावणारच. हात आहेत ते विणणारच. मग भांडण कशाला?

तिने कोयती उचलली. पायाला नवी कामटी बांधली, मग हिरव्या बांबूच्या पातळ, लवचीक पट्ट्या काढल्या आणि एक दुरडी विणली. देव्हाऱ्यात फुलांसाठी ठेवावी अशी, सुबक, नाजूक. आणि ती पिल्लावर पालथी घातली. खाण्यासाठी. पिल्लाने दुरडीची भिंत खाल्ली आणि ते कामटी विसरले.

मग रोज एक दुरडी. सकाळी हरितकांती, सांजेला नुसत्या झिरमिळ्या. हौसा विणत होती, पिल्लू उसवत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये एक इवलेसे हाड निवांत जुळत होते. बाजाराची सुपे मागे पडली. "बाजारात काय न्यायचं? उष्ट्या दुरड्या?" तातोबा कुरकुरला, पण दुरडीसाठी सर्वांत कोवळा बांबू तोच निवडून आणू लागला.

पौष लागला. तुरीच्या शेंगा भरल्या. एका सकाळी दुरडीला मोठे भगदाड दिसले. आत चिंधी, आणि शेजारी कामटी, अख्खी, दात न लागलेली.

हौसा घरामागे धावली. पिल्लू गवतात बसले होते, मातीत माती होऊन. आणि समोरून तातोबा येत होता, खांद्यावर मोळी घेऊन. हौसाने हात वर केला. तो होता तिथेच थांबला, ओझ्यासकट.

हौसाने टाळी वाजवली. पिल्लू हलले नाही. आईने शिकवलेलेच त्याला खरे वाटत होते. तिचे डोळे भरून आले, तरी तिने आणखी जोराने टाळी वाजवली. "पळ की रं. बसू नगंस. पळ."

पहिली उडी तिरकी. दुसरीही तिरकी. आणि तिसरी सरळ, तुरीच्या पिवळ्या सावलीत शिरणारी, सरळ.

शेत पुन्हा स्थिर झाले. तातोबाने खाली वाकून आधी पायाजवळचे गवत पाहिले, हाताने बाजूला सारून पाहिले; आणि मग मोळी उतरवली, हळू, अगदी हळू, एकेक बांबू टेकवीत.