किडीचं किती, तुझं किती

देवव्रतला फिट आली ती ऑफिसात, दुपारच्या मीटिंगमध्ये. शुद्धीवर आला तेव्हा तो हॉस्पिटलात होता. एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात दोन गाठी दिसल्या.

"जंताच्या अळ्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाच्या तरी पोटातल्या जंताची अंडी तुमच्या खाण्यातून गेली. आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत."

"पण मी तर अंडंसुद्धा खात नाही!"

"न धुतलेली कोथिंबीर पुरते त्याला."

त्याने विचारलं, "याने स्वभाव बदलतो?"

"बदलू शकतो. चिडचिड, उदासी. तुमच्या बाबतीत किती, ते सांगता येणार नाही."

शेवटच्या वाक्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. गेल्या दोन वर्षांत त्याने आमटी अळणी झाली म्हणून ताट भिरकावलं होतं, सासऱ्यांना भर पंगतीत फुकटे म्हटलं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको रेवती मुलुंडला माहेरी निघून गेली. तेव्हापासून बोरिवलीच्या दोन खोल्यांत तो टीव्हीवरच्या माणसांना उत्तरं द्यायचा.

वॉर्डातूनच त्याने फोन लावला. "रेवती, ते सगळं किडीमुळे झालं गं! रिपोर्ट आहे माझ्याकडे."

तिने सगळं ऐकून घेतलं. "गोळ्या वेळेवर घे."

"घेतो. तू ये ना परत."

"देवू, लग्नाच्या पहिल्या वर्षी पंधरा दिवस अबोला धरला होतास. तेव्हाही कीड होती?"

त्याने हातातला रिपोर्ट उशीखाली सरकवला.

"कुठलं किडीचं आणि कुठलं तुझं, मला कसं कळणार रे?"

त्यालाही कळत नव्हतं. गोळ्या चालू राहिल्या, गाठी सुकत गेल्या. राग कमी झाल्यासारखा वाटे. पण तो खरंच गेला, की रागवायला घरात कुणी उरलं नाही म्हणून, हे कोण सांगणार?

पुढच्या तपासणीला रेवती आली. मध्ये एक खुर्ची सोडून बसली. त्याला सुचले नव्हते असे दोन प्रश्न तिने डॉक्टरांना विचारले. बाहेर दोघांनी चहा घेतला.

"घरी येतेस?"

"आज नको."

"बरं."

मुलुंडची बस आली, ती चढली. बस वळेपर्यंत तो थांबला. मग इस्त्रीवाल्याकडून आपले चार शर्ट घेऊन घरी गेला.