शाळेजवळची रेघ

"अवो, भाकरी तरी पुरी खावा!" छबूबाई मागून ओरडली. पण तिचे यजमान कुंडलिकतात्या ताटावरून उठून चपला शोधत होते.

"आज नकाशा सरकारकडं जायचाय, आन चुकीचा जायचाय," ते म्हणाले.

पाटबंधारे खात्यात मोजपट्टी धरण्यात तात्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीनं त्यांना कंत्राटावर कोकणात नेलं. तिकडं हल्ली वादळांमागून वादळं. समुद्राचं पाणी कुठवर शिरतं ते घरोघरी विचारून, मोजून नकाशावर आणायचं होतं. शेवटचं घर बनाबाईचं, शाळेला लागून. एकट्या राहणाऱ्या त्या म्हातारीनं चौकटीवरची पाण्याची रेघ दाखवली. तात्यांनी पट्टी लावली. रेघ छातीइतकी होती. शेजाऱ्यांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या आणि आठवेल तसं 'गुडघाभर' सांगितलं होतं. रेघ खरी धरली तर अख्खी आळी पुन्हा मोजावी लागणार. जीप हॉर्न देत होती, पाठ मोडून आली होती. तात्यांनी तिथंही गुडघाभरच लिहिलं.

काल, इकडं परतल्यावर, कंपनीत नकाशा करणाऱ्या वृषालीनं तो दाखवला. वादळात गावानं जमायची जागा म्हणून त्यावर तीच शाळा होती. तेव्हापासून तात्यांना घास गिळवेना.

त्यांच्या गावाहून, सणसरहून, निघालेल्या एसटीत जागा होती, पण ते दारापाशीच उभे राहिले. जळोचीला उतरून जवळजवळ पळतच कंपनीच्या ऑफिसात शिरले.

"ताई, शाळेपाशी पानी छातीला लागतंय!"

वृषाली त्यांच्या मुलीच्या वयाची. "तात्या, नोंद तर गुडघाभर आहे. आणि तुमचीच आहे."

"माझीच हाय. खोटी हाय."

तिचे हात थांबले. "एक खोटी निघाली तर सगळ्या पुन्हा मोजायला लावतील. तुम्हाला पुढं काम देणार नाहीत."

"नगं देऊ देत. पोरंबाळं घिऊन लोक तितंच जाऊन बसतील वो, ताई."

वृषालीनं कोरा कागद पुढं केला. तात्यांनी घडलं तसं लिहिलं, सही केली. तिनं आकडा बदलला, तसा पडद्यावरचा निळा रंग आळीभर सरकत गेला. शाळा त्यात बुडाली. नकाशा पाठवायचा थांबला.

दुपारी साहेबांनी ओळखपत्र मागून घेतलं. आवाज चढवला नाही, पण वरही पाहिलं नाही.

बाहेर येऊन तात्यांनी बनाबाईला फोन लावला.

"मोजनीवाला कुंडलिक बोलतूय. वादळ आलं तर शाळंत जाऊ नगा. वर देवळाकडं जावा."

"मी तेव्हाच रेघ दाखवली होती तुम्हाला."

"व्हय. दाखवली हुती."

"मग आता लिहिलंत?"

"लिवलं."

म्हातारीनं फोन ठेवला नाही. तिच्या अंगणामागच्या समुद्राचा आवाज फोनमधून येत होता. इकडं रस्त्यावरून वाहनं जात होती. तात्यांनी दुसरा कान हातानं झाकला आणि तसेच ऐकत उभे राहिले.