सारखी घसरणारी टोपी

नवऱ्याचा डोळा लागल्याचं पाहून तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि त्याने सकाळी पुरी केलेली टोपी उसवायला घेतली.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा डावा हात ऐकत नव्हता. बोटांना व्यायाम म्हणून तिनेच त्याच्या हाती सुया दिल्या होत्या. तीस वर्षं बस चालवलेला माणूस आधी हसला, मग हट्टाला पेटला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती इस्पितळाला टोप्या विणून द्यायची. आता त्यांत त्याच्याही जाऊ लागल्या. पण त्याचे टाके सुटायचे, एक बाजू आवळलेली, दुसरी ढगळ. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती त्याच लोकरीने टोपी गुपचूप पुन्हा विणायची.

मग बहिणीच्या आजारपणात ती पंधरा दिवस गावी गेली. परतली तेव्हा नवरा खुशीत होता. इस्पितळातल्या सिस्टर येऊन गेल्या, माझ्या सहाच्या सहा टोप्या मीच दिल्या, म्हणाला.

दोन दिवस मान मोडून तिने सहा टोप्या विणल्या आणि बदलून आणायला इस्पितळ गाठलं. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि तिला काचेपाशी नेलं.

आत, नळ्यांच्या गराड्यात एक बाळ झोपलं होतं. डोक्यावर नवऱ्याने विणलेली निळी टोपी, एका कानावर उतरलेली. आई एका बोटाने ती सारखी करायची, ती पुन्हा घसरायची.

"परवापर्यंत बाळाला हात लावायला घाबरत होती," सिस्टर हळूच म्हणाली.

नव्या टोप्या तिने तिथेच ठेवल्या, पण नवऱ्याच्या परत मागितल्या नाहीत.

घरी नवरा खिडकीशी विणत बसला होता. घातली का कुणी, त्याने विचारलं. ती शेजारी टेकली आणि तिने सगळं सांगून टाकलं, उसवण्याचंसुद्धा.

"तरीच," तो म्हणाला. "सिस्टर म्हणाल्या, या खेपेला हात बदललाय वाटतं."

"रागावलात?"

त्याने सुया मांडीवर ठेवल्या.

"केवढं आहे गं बाळ?"

तिने मूठ वळली आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"डोकं एवढं."

त्याची बोटं सावकाश तिच्या मुठीभोवती मिटली. चहा टाकायचा राहिला होता. ती तशीच बसून राहिली.