पॉइंट तीन व्होल्ट

घरात तिला शंकासुर म्हणत. इस्त्री आपली आपण बंद होते कशी, रेडिओला आवाज सापडतो कुठे, प्रश्न काही संपायचे नाहीत. प्रवेशाच्या वेळी वडिलांनी घराजवळचं कॉलेज सुचवलं, तर ही दूरच्या विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सच घेणार म्हणून अडून बसली. रडली नाही, भांडली नाही, नुसती बसून राहिली. शेवटी वडील म्हणाले, "जा बाई. पण एका विषयात गटांगळी खाल्लीस की मुकाट्याने घरी यायचं." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पहिल्या सत्रात सेमीकंडक्टर आले. सिलिकॉन धड तांब्यासारखा वीज वाहून नेत नाही, धड काचेसारखा अडवत नाही. त्यात चिमूटभर दुसरं काही मिसळलं की मात्र कामाला लागतो. फळ्यावरचं हे ऐकून पोरगी हरखून गेली. मग डायोडचा प्रयोग आला. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, तीही पुरेसा दाब मिळाल्यावर. सिलिकॉनला पॉइंट सात व्होल्ट लागतात. हिच्या टेबलावरचा डायोड पॉइंट तीनलाच वाहायला लागला.

आता त्या प्रयोगशाळेत प्रयोग करायची पद्धतच नव्हती. तारा जोडायच्या, मीटरचा काटा हलला की मान डोलवायची आणि आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवायचे. सगळ्यांचे आलेख जुळ्या भावंडांसारखे. हिने मात्र पुन्हा पुन्हा मोजलं, मीटर बदलून पाहिला, आणि दिसलं तेच लिहिलं.

सरांनी जर्नल उघडलं. "पॉइंट तीन?"

"सर, हा जर्मेनियमचा डायोड असेल. त्याला तेवढेच लागतात. डब्यात मिसळला असेल."

सरांनी डायोड उजेडात धरला. "जर्मेनियमचाच आहे."

तिचा चेहरा खुलला.

"पण प्रयोग सिलिकॉनचा आहे. पान फाड आणि पॉइंट सात लिहून आण."

"मग दुसरा डायोड द्या ना सर, मोजून लिहिते."

"तास संपला. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना हे दाखवू? सही हवी आहे ना?"

असा संताप येतो म्हणून सांगू! माणसाला ठाऊकच नसतं तर गोष्ट वेगळी. याला सगळं ठाऊक होतं.

सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सरळ घर. मैत्रिणीने आपलं जर्नल पुढे सरकवलं. "घे, उतरव. तुलाच एकटीला कसला एवढा खऱ्याचा पुळका?" हिने पान फाडलं. नवा आलेख इतका सुबक आला की सरांनी तो वर्गात फिरवला.

परीक्षक वयस्कर होते, सावकाश बोलणारे. जर्नल चाळत म्हणाले, "सिलिकॉनचं ठीक आहे. जर्मेनियमला किती लागतात?"

"पॉइंट तीन."

"पाठ केलंय, की कधी पाहिलंय?"

सर शेजारीच उभे होते, खिडकीबाहेर बघत. पाहिलंय म्हणावं, तर दाखवणार काय?

"पाठ केलंय," ती म्हणाली.

"सगळे तेच सांगतात," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

तिला पैकीच्या पैकी गुण पडले. पुढच्या सत्रातल्या पहिल्याच प्रयोगाला, मीटर चालू करायच्या आधीच, तिने मागच्या वर्षीचं जर्नल मागून घेतलं.