डॉक्टर प्रेमदास

दि. १९ जून २००८, सकाळचे अकरा. वर्ध्यातील एका वैद्यकीय संस्थेत प्राध्यापकपदाच्या मुलाखती सुरू होत्या. उमेदवार डॉ. कांता ताकसांडे यांच्या नावावर उल्लेखांची संख्या शून्य असल्याचे निवड समितीने नोंदवले.

मित्रांनो, त्या वेळी मी टेबलावरच होतो. मी एक जुना शोधनिबंध आहे. सहा पाने, दोन तक्ते, एक आलेख. त्या शून्याबद्दल मला बोलायचे आहे, कारण ते चूक आहे.

माझा जन्म समुद्रपूरच्या एसटीत झाला म्हटले तरी चालेल. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे दुखतात, मुले वारंवार आजारी पडतात. तपासणीसाठी गावांतून रक्ताचे नमुने वर्ध्याला आणावे लागत. उन्हाळ्यात बर्फ वाटेतच वितळे आणि नमुने वाया जात. कांताताई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. त्यांनी रक्ताचा एक थेंब जाड टीपकागदावर वाळवला, पाकिटात घातला आणि मे महिन्याच्या उन्हात बसने आणला. तपासणी बरोबर आली. पुन्हा आणला, पुन्हा बरोबर आली. दोन उन्हाळे हेच चालले. मग त्यांनी मला लिहिले आणि १९९४ साली एका परदेशी नियतकालिकाने मला छापले.

लेखकाच्या जागी त्यांनी मार्कशीटवर असते तसे नाव लिहिले: ताकसांडे कांता प्रेमदास. आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, शेवटी वडिलांचे. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटापासून हीच रीत. तिकडे मात्र शेवटचा शब्द आडनाव धरतात.

छापून झाले की शोधनिबंधाचे खरे काम सुरू होते. दुसऱ्या संशोधकाने माझा आधार घेतला, तर तो आपल्या लेखाच्या शेवटी माझी नोंद करतो. त्याला उल्लेख म्हणतात. माझा पहिला उल्लेख ओडिशातून झाला. मग केनियातून, ब्राझीलमधून. जिथे ऊन होते आणि बर्फ नव्हता, तिथे मी पोहोचलो. माझी ही प्रत कपाटात पिवळी पडत होती, तरी बाहेर मला मागणी होती. प्रत मागणारी कार्डे येत. पत्ता बरोबर असे. नाव मात्र ‘डॉ. प्रेमदास’.

घरी ही थट्टाच झाली. प्रेमदास म्हणजे कांताताईंचे वडील. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापसाच्या गठाणी बांधल्या.

“बाबा, ब्राझीलहून तुमचं कार्ड आलं.”

“काय म्हन्ते ब्राझील?”

“डॉक्टरसाहेबाचा लेख पाहिजे म्हन्ते.”

“पाठवून दे. अन् विचारजो, कापूस कसा हाये तिकडचा.”

चौदा वर्षे सगळे हसले. ते उल्लेख कोणाच्या नावावर जमा होत आहेत, हे कोणी पाहिले नाही.

समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. संगणकातून काढलेली नोंद पाहत ते म्हणाले, “मॅडम, या विषयात मूळ काम प्रेमदास यांचं आहे. मी स्वतः त्यांचा उल्लेख केला आहे. तुम्ही वाचलंय का त्यांना?”

“सर, प्रेमदास माझे वडील.”

“अच्छा. तेही संशोधनात?”

“नाही सर. जिनिंगमध्ये. गठाणी बांधायचे.”

कांताताईंनी मला पुढे सरकवले. तज्ज्ञांनी पहिले पान वाचले. मग पुन्हा वाचले.

“काम तुमचं आहे, हे मला दिसतं,” ते म्हणाले. “पण आम्हाला नोंद लागते.”

समितीने निर्णय राखून ठेवला. नियतकालिकाकडून दुरुस्ती आणावी, मुदत सप्टेंबरअखेर, असे सांगितले.

संध्याकाळी कांताताईंनी हे घरी प्रेमदासांना सांगितले.

“माह्यं नाव काढून टाक त्यातून,” ते म्हणाले. “तुह्या कामाच्या आड माह्यं नाव काऊन येऊन राह्यलं?”

“नाव बरोबर हाये बाबा. जागा चुकली. काढाचं नाई, सरकवाचं हाये.”

दुसऱ्याच दिवशी कांताताईंनी संपादकांना तेवढेच लिहिले.

मित्रांनो, मला कोणाची कीव नको. माझी सहा पाने आजही खरी आहेत. शंका असेल त्याने मे महिन्यात टीपकागद घेऊन समुद्रपूरला जावे. मागणे एकच आहे. कोणाच्या कामाचा आधार घ्याल, तेव्हा त्याचे पहिले पान उघडा. ते काम करणारा माणूस कोण, हे नीट पाहा. मग नाव लिहा.

आज २९ सप्टेंबर. संपादकांचे उत्तर आलेले नाही. मुदत उद्या संपते. काल टांझानियातून माझा एक नवा उल्लेख झाला. तो प्रेमदास यांच्या नावावर जमा झाला आहे.